मास्तरांचा शनिवार

शनिवारी आमची शाळा सकाळची असे. घंटा झाली की पोरं मोकळी व्हायची. पण महिन्यातल्या पहिल्या शनिवारी आमच्यापेक्षा गुरुजींनाच जास्त घाई असायची. सायकलच्या दांडीला पिशवी अडकवायची, पिशवीत एक लांबडी वही, धोतराला चिमटा लावायचा आणि निघायचं. पारावरची माणसं म्हणायची, "चालले मास्तर त्यांच्या मास्तरांत." आजूबाजूच्या सहा-सात गावांतले ख्रिस्ती शिक्षक पाळीपाळीनं एकमेकांच्या घरी जमायचे. चहा व्हायचा, टाळ घेऊन एखादं टिळकांचं भजन व्हायचं, प्रार्थना, आणि मग दिवस मावळेपर्यंत बोलणं. काय बोलतात ते गावाला ठाऊक नव्हतं. पगाराचं न् बदल्यांचं बोलत असतील, असा सगळ्यांचा अंदाज. मला ते कळायला पंचावन्न वर्षं लागली.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात गावाची थोडी अब्रू जाते, आणि आमच्या घराची जास्त जाते.

नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरीचं गाव. पैसाच्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये माउलींनी ती सांगितली, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच तालुक्यात नगर-औरंगाबाद रस्त्यावर वडाळा बहिरोबा आहे, आणि तिथं अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं होतं, हे आता तिथून गाडी पळवणाऱ्यांना माहीत नसतं. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, औरंगाबादला छत्रपती संभाजीनगर. पण जुनं सांगताना जुनीच नावं तोंडात येतात, त्याला इलाज नाही.) ही मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ ला नगरला आली. नगरात सिंथिया फरार नावाच्या बाई मुलींच्या शाळा चालवायच्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. वडाळ्याला फेअरबँक नावाचे पाद्री राहत. त्यांना पाखरांचा नाद होता. तामिळनाडूत पलनीच्या डोंगरात एक पाखरू आहे, त्याला शास्त्रज्ञांनी त्यांचंच नाव दिलंय. आमच्या गावाला मात्र फेअरबँक साहेब ठाऊक नाहीत न् पाखरूही ठाऊक नाही.

खेड्यातली मिशनची शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी महारवाड्यातली एक खोली. मास्तर त्याच समाजातून ख्रिस्ती झालेला, नगरला शिकून तयार झालेला. सहा दिवस तोच पोरं शिकवणार, रविवारी तोच उपासना चालवणार, रात्री-अपरात्री कुणाला ताप आला तर पुडीही तोच देणार. वरच्या आळीतली पोरं त्या खोलीत पाऊल टाकत नसत. आमच्या गुरुजींचे वडील असे मास्तर होते. महिन्याला पगार घ्यायला ते पायी ठाण्यावर जायचे. तिथं सगळे मास्तर गोळा व्हायचे, साहेबापुढं उभं राहून पोरं किती, पाठांतर किती, उपासनेला माणसं किती, याचा हिशेब द्यायचा. गुरुजींनी वडिलांचं एक सांगणं वहीत लिहून ठेवलंय. साहेबापुढं मास्तर खरं बोलत नसत. पगार मिळाला की ओढ्याच्या कडेला झाडाखाली बसून भाकरी सोडायची, तेव्हा खरं निघायचं. कुणाची पोरं खुरपायला गेली, कुणी रागाच्या भरात पोराला फोडून काढलं, कुणाला स्वतःलाच प्रार्थना होईना. गुरुजींच्या शनिवारचं मूळ त्या झाडाखाली आहे, असं मला वाटतं.

त्या पिढीच्या मागं दुष्काळ होता. १८७६ ते ७८ चा, मग १८९६ चा, मग लगेच १८९९-१९०० चा, ज्याला म्हातारी माणसं छप्पन्नचा म्हणत. दुष्काळात मिशननं माणसं जगवली, अनाथ पोरं सांभाळली, शाळा वाढल्या. पण त्याबरोबर एक शब्दही चिकटला. 'भाकरीसाठी बाटलेले.' रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी १८९५ ला ख्रिस्ती झाला तो काही भाकरीसाठी नव्हे, हे शिकल्या-सवरल्यांना कळत होतं. खेड्यातल्या मास्तराला मात्र तो शब्द गावात पाणी भरताना, दळण दळताना, पोरीचं लग्न जमवताना ऐकावा लागे.

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला. पुढं स्वातंत्र्य आलं आणि खेड्यातल्या मिशनच्या शाळा एकेक करत मिटल्या किंवा सरकारी शाळेत मिसळल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा आमचे गुरुजी परिषदेच्या शाळेवर होते. म्हणजे आता वरच्या आळीची पोरं, खालच्या आळीची पोरं, सगळी एका खोलीत आणि समोर ख्रिस्ती मास्तर. त्यात राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं की संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. बापाला शाळेत येशूचं नाव घ्यायचा पगार मिळत होता, मुलाला ते नाव शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं होतं.

गुरुजींचा मुलगा पुण्याला असतो. जुनं घर पाडायला काढलं तेव्हा त्याला पत्र्याच्या पेटीत ती लांबडी वही सापडली. मी काहीबाही लिहितो हे त्याच्या कानावर होतं. म्हणाला, "काका, यातली माणसं मला ओळखू येत नाहीत. तुम्ही बघा." वही घरी आणली आणि कांदा काढणीच्या दिवसांत रात्री वाचत बसलो.

पगार आणि बदल्या त्यात होत्याच, नाही असं नाही. एकानं १९५० च्या हुकुमाचं गाऱ्हाणं मांडलेलं आहे. ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. गावाच्या लेखी महार, सरकारच्या लेखी नाही, आणि पोराची फी भरायची कुठून? त्यावर बाकीचे काय बोलले ते गुरुजींनी लिहिलेलं नाही. बहुधा कुणी काही बोललंच नसेल.

पण बहुतेक पानं वर्गाबद्दल आहेत. पहिलाच वाद प्रार्थनेचा. शाळेत साने गुरुजींची प्रार्थना होई. एका तरुण शिक्षकाला वाटे, आपण नुसते ओठ हलवतो, हा खोटेपणा नाही का? वयस्कर शिक्षक म्हणाले, त्या प्रार्थनेत जगाला प्रेम द्यायला सांगितलंय, त्यात तुझ्या प्रभूला न आवडणारं एक अक्षर दाखव. तरुणाला ते दाखवता आलं नाही. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

छडीचं प्रकरण मिटलं नाही. ते पाच-सहा बैठकांत येतं. त्या काळी मारल्याशिवाय मास्तर ही कल्पनाच नव्हती. आईबापच सांगायचे, चामडी तुमची, हाडं आमची. यातले दोघे-तिघे स्वतः सडकून मारणारे होते. एकानं कबूल केलं की रविवारी क्षमेवर बोललो आणि सोमवारी निरगुडीची छडी मोडेपर्यंत पोराला मारलं, ते पोरगं महिनाभर आलं नाही. मी त्याच्या घरी जाऊ का? गेलो तर गावात मास्तराची किंमत राहील का? सगळे म्हणाले, जा. पुढच्या महिन्याच्या पानावर लिहिलंय की तो गेला नाही. त्याच्या पुढच्या महिन्याला लिहिलंय, गेला. पोरगं शाळेत आलं की नाही, ते नाही लिहिलं. आमच्या गुरुजींची छडी मला आठवते. ती फळ्यावर अक्षरं दाखवायच्या कामाची होती. ते मूळचेच मऊ आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. वहीत दिसतं की तसं नव्हतं. सुरुवातीच्या पानांवर त्यांनी स्वतःच्या हाताबद्दल लिहिलंय, ते मी इथं देत नाही.

७२ चा दुष्काळ आला. आम्ही पोरं सुकडीवर आणि लाल मिलोच्या भाकरीवर जगलो. त्या वेळच्या बैठकीत एकच ठराव दिसतो, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत. सुकडी वाटताना आपल्यापैकी कुणी पोरांसमोर तोंडानं प्रार्थना करायची नाही, हातही जोडायचे नाहीत. मनात करावी. कारण लिहिलेलं नाही. पण ज्यांच्या आज्यांनी 'भाकरीसाठी बाटलेले' ऐकत दिवस काढले, त्यांना कारण लिहायची गरज नव्हती.

आता आमच्या घराचं. त्यासाठी चार वर्षं मागं, १९६८ सालच्या पानांवर यावं लागतं.

एका पानावर गुरुजींनी लिहिलंय की दुसरीच्या वर्गात 'शाळा सुटल्यावर मी काय करतो' हे पोरांना तोंडी सांगायला लावलं. तेव्हा एका मुलानं हसत हसत सांगितलं की घरी गेलो की आजी दारात थांबवते, अंगावर पाणी शिंपडते, पाटी धुते आणि मग आत घेते, कारण मास्तरांचा हात पाटीला लागलेला असतो. वर्ग हसला. गुरुजींनी मुलाचं नाव लिहिलेलं नाही. 'चावडीमागचा, डाव्या हाताने लिहिणारा' एवढंच. चावडीमागं घर असलेला आमच्या वर्गात डावखुरा एकच होता.

मला ते पाणी आठवतं. पितळी तांब्या, त्यात बुडवलेली म्हातारीची बोटं. शाळा सुटली की हे असतंच, अशी माझी समजूत होती, जसं बैलाला औतावरून सोडलं की पाणी दाखवायचं असतं. हीच म्हातारी नाताळात त्यांच्या वस्तीवरून भजन ऐकू आलं की म्हणायची, "चाल तर आपलीच हाये बाई." वर्गात मी ते हसत सांगितलं, हे मात्र मला आठवत नव्हतं. ते वहीनं सांगितलं.

गुरुजींनी बैठकीत विचारलं, मी काय करू? एक जण म्हणाला, बापाला भेटा, कायद्यानं गुन्हा आहे म्हणावं. दुसरा म्हणाला, बाप उद्या पोरगं शाळेतून काढील आणि मग तेही गेलं. कुणी म्हणालं, सोडून द्या, आपल्याला काय नवीन आहे? त्या वयस्कर शिक्षकांनी शोमरोनी स्त्रीची गोष्ट काढली. विहिरीवर यहुदी आणि शोमरोनी एकमेकांच्या भांड्याला शिवत नव्हते. प्रभूनं तिला आधी उपदेश केला नाही, आधी पाणी मागितलं. "तुम्ही त्या पोराकडं पाणी मागा," ते म्हणाले. "काही बोलू नका. नुसतं मागा."

आणि गुरुजींनी मागितलं. हे मला लख्ख आठवतं. "बाळ, जरा पाणी दे रे." शाळेच्या माठावर एक पेला होता, गुरुजींचा त्यांचा वेगळा ॲल्युमिनियमचा होता. मी शाळेचा पेला भरला. पण घरी गड्यांना आणि वस्तीवरच्या माणसांना पाणी कसं देतात ते बघितलेलं होतं. मी तो पेला उंच धरला. गुरुजींनी माझ्याकडं एकवार पाहिलं, खाली वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून प्याले. मी सात वर्षांचा होतो. त्यांचे केस तेव्हाच पिकायला लागले होते.

वहीत लिहिलंय, 'पाणी मागितले. वरून ओतले. पुन्हा मागणे.' पुढच्या महिन्याला, 'अजून वरून.' त्याच्या पुढं एक महिना कोरा. मग, 'पेला हातात दिला. मुलाने विचारले, घरी सांगू का? मी म्हणालो, तुला वाटेल तसे कर.'

इथं त्यांच्यात मोठा वाद झाला. दोन पानं भरली आहेत. तरुण शिक्षक म्हणाला, तुम्ही पोराला घरी खोटं बोलायच्या वाटेला लावलं. सांगितलं तर मार खाईल, नाही सांगितलं तर चोरी शिकेल. आठ वर्षांच्या आतल्या जिवावर हे ओझं टाकायचा आपल्याला काय अधिकार? वयस्कर शिक्षकांनाही यावर उत्तर देता आलं नाही. गुरुजींनी शेवटी लिहिलंय की त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सोमवारपासून त्यांनी माझ्याकडं पाणी मागणं बंद केलं. मला वाटायचं, आपलं काही चुकलं म्हणून त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं.

मी घरी सांगितलं नव्हतं. म्हातारी पाणी शिंपडत राहिली, मी तिच्यापुढं उभा राहत राहिलो. दुष्काळ सरला त्या साली ती गेली. दादा ९४ ला गेले. गुरुजींना निवृत्तीनंतर मी बऱ्याचदा बाजारात भेटायचो, "सलाम, गुरुजी" म्हणायचो. ते कांद्याचा भाव विचारायचे, मी सांगायचो. एकदा त्यांनी माझ्या घरी येऊन चहाही घेतला, बशीत ओतून, ओसरीवर बसून. तेव्हा आत बोलवायचं मला सुचलं नव्हतं.

वही माझ्याकडंच आहे. मुलाला विचारलं, पाठवू का? म्हणाला, राहू द्या तुमच्याकडं.