बटाट्याचा श्वास

कोंदट जागीं दाबून रचलेल्या बटाट्यांच्या राशींत हात खुपसला, तर आंत किंचित् ऊब लागते. राशीला वारा लागूं द्यावा, हें घाटकोपर-मुलुंडच्या बाजारांतील व्यापाऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. ही ऊब येते कोठून? मातीनें माखलेला, निश्चल असा हा कंद जिवंत असतो आणि जिवंत असल्यामुळेंच श्वसन करीत असतो, हें त्याचें उत्तर होय. या उत्तराच्या इतिहासांत एका महाराष्ट्रीय स्त्रीचा वांटा आहे. त्यांच्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांचें नांव मराठी घरांत सर्वतोमुखीं आहे. कमलाबाई सोहोनी यांचें मात्र फारसें कोणी घेत नाहीं.

श्वसन म्हणजे छातीचा भाता हलणें, अशी आपली सामान्य समजूत असते. वस्तुतः छातीचें काम हमालाचें; प्राणवायु रक्ताच्या स्वाधीन करावा, इतकेंच. खरें श्वसन घडतें तें प्रत्येक पेशीच्या आंत. इ. स. १७८३ च्या सुमारास लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गिनीपिगला बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवून, त्याच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें, आणि श्वसन हें एक प्रकारचें मंद ज्वलन होय असा निर्णय दिला. निर्णय योग्य होता; परंतु त्यानें एक नवें कोडें उभें केलें. साखर विस्तवावर पडली कीं पेटते. तीच साखर आपल्या देहांत जळतांना आपण भाजून कां निघत नाहीं?

सह्याद्रीवरचें पाणी कड्यावरून कोसळूं दिलें तर नुसता घोष आणि फेस. तेंच नळांतून उतरवून चक्रांवर सोडलें तर त्याची वीज होते, हें खोपोलीच्या केंद्रानें मुंबईकरांस १९१५ पासून दाखविलें आहे. पेशीची युक्ति हीच. अन्नांतून सुटलेले इलेक्ट्रॉन ती एकदम प्राणवायूच्या हवालीं करीत नाहीं. एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, पायरीपायरीनें, ते उतरविले जातात. प्रत्येक पायरीवर थोडी शक्ति हातीं येते. तिच्या बळावर हायड्रोजनचे आयन एका पडद्यापलीकडे लोटले जातात आणि परततांना ते चाकासारखें फिरणारें एक प्रथिन चालवितात. त्यांतून एटीपी हें पेशीचें रोकड नाणें तयार होतें. ही उपपत्ति पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडली व १९७८ सालीं त्यांना तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

या पायऱ्यांतील कांहीं प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. त्यांच्या शोधाची कथा मोठी उद्बोधक आहे. १८८४ पासूनच्या दोन-तीन वर्षांत मॅक्मन नांवाच्या एका इंग्लंडांतील व्यवसायी डॉक्टरानें वर्णपटदर्शकांतून प्राण्यांच्या ऊतींत कांहीं काळे पट्टे पाहिले. होप-झायलर या प्रख्यात जर्मन पंडितानें त्याचें म्हणणें खोडून काढलें आणि तें बाजूस पडलें. पुढें, ज्या १९२५ सालीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी धांवली, त्याच सालीं केंब्रिजमध्यें डेव्हिड कायलिन यांनीं तेच पट्टे पुनः पाहिले आणि मॅक्मन खरा ठरला. मध्यें चाळीस वर्षें गेलीं.

दाराशीं अडविलें जाण्याचा प्रसंग कमला भागवत यांच्यावरही आला. १९३३ सालीं मुंबईची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानें होऊन त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील व चुलते तेथेंच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. परंतु संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं, अर्जदार स्त्री आहे या कारणास्तव, प्रवेश नाकारला. बाई परतल्या नाहींत. अखेर एक वर्ष परीक्षेदाखल, मानहानीच्या अटींवर, त्यांना घेण्यांत आलें. वर्षाअखेर त्यांचें काम पाहून रामन यांचें मत पालटलें, आणि तें दार मागाहून येणाऱ्या मुलींसही उघडलें.

१९३७ सालीं त्या केंब्रिजला गेल्या व पुढें रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनाकडे वळल्या. चिरलेला बटाटा काळा पडतो, हें स्वयंपाकघरांत रोज दिसतें. हें काळेपण आणणारें द्रव्यच वनस्पतींत श्वसन चालवीत असावें, असा कांहींचा तर्क होता. सायटोक्रोमचा मार्ग वनस्पतींतही खरोखर चालतो काय, हा वादाचा मुद्दा होता. तो मार्ग पुरा करणारें द्रव्य सपुष्प वनस्पतींतही आहे, हें हिल व भागवत यांनीं १९३९ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. बटाटा आणि बटाटा खाणारा, दोघांचा श्वास एकाच वाटेनें जातो, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षीं त्यांना पीएच.डी. मिळाली.

१९४७ सालीं विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, येथील विज्ञान संस्थेंत जीवरसायनशास्त्र शिकवूं लागल्या आणि कालांतरानें तिच्या संचालिका झाल्या. येथें त्यांनीं नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलें व गोरेगांवच्या आरे दूध योजनेस सल्ला दिला. नीरेची ताडी होते आणि दूध आंबतें, त्यामागेंही पेशींचीच धडपड असते. प्राणवायूवांचून साखर अर्धवट फोडून जगण्याचा हा आडमार्ग. ग्लुकोजच्या एका रेणूमागें एटीपीचे अवघे २ रेणू पदरीं पडतात, तर प्राणवायूच्या मार्गानें सुमारें ३०. बोरिवलीची गाडी गांठण्यासाठीं पूल धांवत चढणाऱ्याचे स्नायूही घटकाभर हाच मार्ग धरतात.

आमच्या वर्गांत ही सांखळी आम्ही कित्येक वर्षें फळ्यावर काढीत आलों. मॅक्मनचें नांव सांगितलें, कायलिनचें सांगितलें. तींत एक मराठी नांव आहे, हें सांगण्याचें मात्र आम्हांस फार उशिरां सुचलें. बाई १९९८ सालीं निवर्तल्या. दार अडविणारा द्वारपाल नेहमींच रामन यांच्याएवढा मोठा नसतो, आणि मत पालटण्याचें मोठेपणही त्याच्या अंगीं असतेंच असें नाहीं. कित्येकदां तो आमच्यासारखा विसराळू अध्यापक असतो. उद्यां वर्गांत बटाट्याची गोष्ट निघेल, तेव्हां पहिलें नांव कमलाबाईंचें घ्यावें, असें आम्हीं ठरविलें आहे.