भाड्याच्या घराचा व्यवस्थापक केव्हा बदलावा?

प्रतिनिधी

नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी गेलेल्या अनेक कुटुंबांच्या पुण्या-मुंबईतील सदनिका भाड्याने दिलेल्या असतात. भाडेकरू शोधणे, करार करणे, भाडे जमा करणे आणि दुरुस्त्या पाहणे ही कामे एखाद्या एजंटवर किंवा व्यवस्थापन संस्थेवर सोपविलेली असतात. दरमहा भाडे खात्यात जमा होत असले, की मालक निर्धास्त राहतो. मात्र, कारभार दुसऱ्याच्या हाती दिला, तरी कायद्यापुढील जबाबदारी मालकाचीच राहते.

धोक्याची चिन्हे

भाडे जमा होण्यास एखाद्या महिन्यात विलंब झाला, तर तो योगायोग समजता येईल. दर महिन्याला वेगळे कारण पुढे येऊ लागले, तर सावध व्हावे. पावतीविना दुरुस्तीचा खर्च वजा करणे, सोसायटीचे देखभाल शुल्क किंवा वीजबिल थकणे, मालकाची आणि भाडेकरूची थेट गाठ पडू न देणे, ही इतर लक्षणे होत. अनामत रक्कम नेमकी कोणाच्या खात्यात आहे, याचे स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर बाब अधिक गंभीर मानावी.

एजंटने मागणीनुसार हिशेब सादर केला पाहिजे आणि मालकाच्या वतीने स्वीकारलेली रक्कम आपले देय वजा करून त्याला दिली पाहिजे, असे भारतीय करार कायदा, १८७२ सांगतो. हिशेब मागणे हा अविश्वास नसून मालकाचा हक्क आहे.

नोंदणी नसेल तर...

सर्वांत महत्त्वाची कसोटी कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार 'लिव्ह अँड लायसन्स' करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी मालकावर असून, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय, अटींबाबत वाद उद्भवल्यास अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मुदत संपूनही ताबा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. मात्र, करारच धड नसेल, तर ही वाट बिकट होते. त्यामुळे नोंदणीकृत कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोच व्यवस्थापक देऊ शकत नसेल, तर त्याला बदलण्याचा विचार लांबणीवर टाकू नये.

बदल कसा करावा?

किरकोळ तक्रारींसाठी प्रथम लेखी समज द्यावी व ठराविक मुदत द्यावी. सुधारणा झाली नाही, तर चालू भाडेकराराची मुदत संपत असतानाचा काळ बदलासाठी सोयीचा ठरतो. भाडे किंवा अनामत अडकली असेल, तर मात्र तेवढे थांबू नये.

व्यवस्थापकाशी झालेल्या करारातील नोटिशीचा कालावधी पाळावा. ठराविक मुदतीचा करार सबळ कारणाविना मोडल्यास भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून तक्रारींचा पत्रव्यवहार जपून ठेवावा. त्याचे रास्त शुल्क चुकते करावे, कारण देणे बाकी असेल, तर एजंट कागदपत्रे अडवून ठेवू शकतो.

मुखत्यारपत्र दिले असेल, तर ते लेखी रद्द करावे. नोंदणीकृत असल्यास रद्दलेखाचीही नोंदणी करावी. भाडेकरू, सोसायटी आणि बँक यांना तसे तातडीने कळवावे. त्रयस्थांना माहिती मिळेपर्यंत त्यांच्यापुरता जुन्या एजंटचा अधिकार संपुष्टात येत नाही. भाडे कोणत्या तारखेपासून कोणत्या खात्यात भरायचे, हे भाडेकरूला मालकाने स्वतः लिहून द्यावे.

नव्या व्यवस्थापकाकडे सूत्रे देण्यापूर्वी मूळ करार, किल्ल्या, पावत्या, सामानाची यादी आणि अनामत रकमेचा हिशेब ताब्यात घ्यावा. भाडे व अनामत थेट मालकाच्या खात्यात जमा होईल, अशी अट नव्या करारात घालावी. एवढी एक दक्षता घेतली, तरी पुढचे अनेक वाद टळू शकतात.