झेप (कादंबरी)

ना. सं. इनामदार (१९२३–२००२) यांची ऐतिहासिक कादंबरी, प्रकाशन १९६३. नायक त्र्यंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला, तो एका डागाळलेल्या माणसाच्या आयुष्यातून पाहणारी ही कादंबरी आहे.

‘मोचनगड’ (१८७१) पासून मराठी ऐतिहासिक कादंबरीला निष्कलंक नायकाची सवय होती. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवराव पेशव्यांच्या रूपाने ती आणखी पक्की केली. त्यानंतर वर्षभरात इनामदारांनी निवडला तो खुनाचा आळ असलेला, मूळचा जासूद असलेला माणूस.

त्र्यंबकजी संगमनेरजवळच्या निमगाव जाळीचा. होळकरांच्या धास्तीने बाजीराव महाडला पळाला, तेव्हा पुण्याला पत्र पोचवून उत्तर झटपट आणून दिल्यामुळे तो धन्याच्या नजरेत भरला, असे सांगतात. पुढे कारभार हाती आला आणि मुलूख जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळली. मक्तेदार रयतेला पिळत आणि सरकार मक्तेदाराला पिळे. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्र्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी दिली होती. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्र्यंबकजीला जबाबदार धरले आणि बाजीरावाला तो हवाली करावा लागला.

त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. फितुरी नको म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा होता, आणि नेमके तेच अंगाशी आले. एका अधिकाऱ्याच्या नोकरीतला मराठी मोतद्दार घोडा फिरवताना खिडकीखालून गाणी म्हणत जाई. सुटकेचा बेत त्या गाण्यांतच असे आणि पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. हा प्रसंग कादंबरीकाराने रचलेला नाही. ग्रँट डफच्या इतिहासात तो आहे, आणि बिशप हेबरने ते गाणे इंग्रजीत टिपून ठेवले आहे. इतिहासानेच इतके तयार करून दिल्यावर लेखकाचे काम सोपे होते असे वाटेल. खरे तर ते अवघड होते, कारण अशा पराक्रमाच्या झगमगाटात मक्त्याखाली भरडलेली रयत सहज नजरेआड जाते.

सुटल्यावर त्याने महादेवाच्या डोंगरांत आणि खानदेशाकडे भिल्ल, रामोशी, मांग व स्वार जमवले. बाजीराव वरकरणी कानांवर हात ठेवी आणि आतून मदत पोचवी. एल्फिन्स्टनने पेच आवळला. सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस गेले, जून १८१७ चा पुणे तह झाला आणि नोव्हेंबरात खडकीला तोफा धडाडल्या. याला क्रांती म्हणणे जड जाते. राज्य वाचवण्याची ती धडपड होती. पण तिच्या बिनीला दरबारी सरदारांऐवजी डोंगरातली माणसे होती, आणि त्यांना हाक देणारा स्वतः जासूदकीतून वर आलेला होता.

दोष असलेला नायक आणि दोष लादलेला नायक, या दोन वेगळ्या जाती आहेत. इनामदारांचा कल दुसऱ्या जातीकडे आहे. इंग्रजांच्या लेखणीने काळे केलेले चरित्र धुऊन काढण्याची ही ओढ ‘झुंज’मधील (१९६६) यशवंतराव होळकरांबाबतही दिसते. तिच्यामुळे एल्फिन्स्टन व डफ यांची साक्ष डोळे मिटून मानू नये हे वाचकाला कळते. पण चपळाई, गुप्तता आणि धन्यासाठी काहीही करण्याची तयारी या ज्या गुणांनी उठाव उभा केला, त्यांनीच कारभार क्रूर केला, ही गाठ सहानुभूतीत सैल होते. बाजीरावाचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना स्वतःच बोलायला लावणारी मनोहर माळगावकरांची इंग्रजी कादंबरी ‘द डेव्हिल्स विंड’ (१९७२) याच वाटेवरची आहे.

कादंबरीच्या नायकाचा शेवट विजयात नाही. त्र्यंबकजी १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि काशीजवळच्या चुनारगडावर कैदेत १८२९ मध्ये वारला. ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे.

‘झेप’ वाचणाऱ्याने पाठोपाठ ‘मंत्रावेगळा’ (१९६९) वाचावी. त्याच काळाची धन्याची, म्हणजे बाजीरावाची, बाजू तिथे आहे.