न्यूयॉर्कात नोंदलेली पच्चिसी

24 जुलै 2008 रोजी हॅसब्रो कंपनीने कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. त्यांचा ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ फेसबुकवर रोज पाचेक लाख लोक खेळत होते आणि तो ‘स्क्रॅबल’वरच बेतलेला होता. भारतीयांनी अमेरिकी खेळ उचलला, अशी ती बातमी गाजली. पण त्याच हॅसब्रोच्या मालकीत आणखी एक नाव आहे, ‘पार्चिसी’. ती आपली पच्चिसी! आणि ही दोन्ही नावं हॅसब्रोकडे एकाच घराण्यातून आली आहेत.

ते घराणं म्हणजे न्यूयॉर्कची सेलचो अँड रायटर कंपनी. तिने 1874 मध्ये ‘पार्चिसी’ हा ट्रेडमार्क नोंदवला. अमेरिकेचा ट्रेडमार्क नोंदणीचा पहिला केंद्रीय कायदा 1870 चा, म्हणजे तो तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. इकडे फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात दगडी फरशीवर पट आखलेला होता आणि घराघरांत कापडी पटावर सोंगट्या फिरत होत्या. कवड्यांनी खेळलं तर पच्चिसी, फाशांनी खेळलं तर चौसर. पच्चिसीचं नावही पंचवीसच्या दानावरून पडलेलं. अशा सार्वजनिक नावाची नोंद झालीच कशी?

माझं उत्तर त्या नावात घुसलेल्या ‘र’मध्ये आहे. एक मत असं की तो ‘र’ निव्वळ स्पेलिंगचा आहे: इंग्रज माणूस ‘पार’ लिहितो आणि ‘पा’ म्हणतो, त्यामुळे लांबवलेला ‘आ’ दाखवायला त्याने ‘र’ घातला. हे मला पूर्ण पटतं. पण इंग्रजांसाठी जो मुका होता, तोच ‘र’ अमेरिकेत उच्चारला जाऊ लागला आणि पच्चिसीहून वेगळा ऐकू येणारा शब्द तयार झाला. अमेरिकी गिऱ्हाइकाला त्यात पंचवीस ऐकू येण्याचं कारणच नव्हतं. त्याच्या लेखी ते एका पेटीवरचं नाव होतं. पेटीत कवड्यांऐवजी फासे होते. माझ्या मते नोंदणीची वाट या अनोळखीपणाने मोकळी केली.

स्क्रॅबलची कथा परिचित आहे. नोकरी गेलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून 1930 च्या दशकात खेळ रचला, जेम्स ब्रुनो यांनी 1948 मध्ये त्याला आजचं नाव दिलं. 1952 पासून तो बनवू लागली ती पार्चिसीवाली सेलचो अँड रायटर. पुढे 1972 मध्ये तिने नावही विकत घेतलं. 1986 मध्ये ती कोलेकोकडे गेली, कोलेको बुडाली आणि 1989 मध्ये ही मालमत्ता हॅसब्रोच्या हाती आली. अमेरिका-कॅनडाबाहेर मात्र स्क्रॅबलचे हक्क मॅटेलकडे आहेत. म्हणून अगरवाला भावांवर भारतात खटला भरला तो मॅटेलने.

तो खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालला. 17 सप्टेंबर 2008 चा न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांचा अंतरिम निकाल मुळातून वाचावा असा आहे. मॅटेलने दोन हक्क सांगितले होते: पटावर कॉपीराइट आणि नावावर ट्रेडमार्क. पटाबाबत न्यायालयाने मॅटेलचं म्हणणं मानलं नाही. रंगीत घरं आणि त्यांची दुप्पट-तिप्पट किंमत म्हणजेच खेळाचे नियम. नियम मांडण्याची रीत मोजकीच असेल, तर त्या मांडणीवर मालकी देणं म्हणजे कल्पनेवरच मालकी देणं. पच्चिसीच्या फुलीसारख्या पटालाही हा तर्क जसाच्या तसा लागू होतो, आणि मला तो फार न्याय्य वाटतो.

नावाबाबत मात्र भाऊ हरले. ‘स्क्रॅबल’ हा शब्दकोशातला शब्द आहे, हा त्यांचा बचाव टिकला नाही. न्यायालयाचं म्हणणं असं की तो शब्द या खेळाचं वर्णन करत नाही, आणि ‘स्क्रॅब्युलस’ त्याच्या फसवं वाटण्याइतकं जवळ आहे.

कुणी म्हणेल, या भांडणांचं मूळ पेटंटमध्ये शोधावं. मला ते पटत नाही. पेटंट ठरावीक वर्षांनी संपतं, नोंदलेलं नाव मात्र नूतनीकरण करत पिढ्यान् पिढ्या ठेवता येतं. ऑनलाइन खेळात तर लाकडी पेटी आणि सोंगट्याही उरत नाहीत; शोधात टाइप होतं ते नाव. म्हणून 2008 च्या दाव्याचा मूळपुरुष मी 1874 च्या नोंदणीत पाहतो.

अगरवालांनी नाव बदलून ‘लेक्स्युलस’ केलं, हातातली अक्षरं सातांची आठ केली आणि डिसेंबर 2008 मध्ये हॅसब्रोने दावा मागे घेतला. पच्चिसीचीच लेक असलेल्या लुडोचं इंग्लंडमधलं पेटंट 1896 चं, ते केव्हाच संपलं. त्यामुळे नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीला 2016 मध्ये ‘लुडो किंग’ काढताना खेळासाठी कुणाची परवानगी लागली नाही.