कम्पायलरचा इशारा आणि ओसंडणारे आकडे

सी भाषेतील आज्ञावली यंत्रभाषेत उतरविताना कम्पायलर कधीकधी 'इंटिजर ओव्हरफ्लो' असा इशारा देतो. आज्ञावली तरीही तयार होते, त्यामुळे अनेक प्रोग्रामर त्याकडे काणाडोळा करतात. आकडा ओसंडण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे बोइंग ७८७ विमानांनी दाखविले. जनित्रांचे नियंत्रक संच सलग २४८ दिवस चालू राहिल्यास आतील गणक ओसंडून ते बंद पडण्याचा धोका आढळला आणि अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने २०१५ मध्ये खास आदेश काढला. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा ३२ बिटांचा चिन्हांकित गणक साधारण तेवढ्याच दिवसांत भरतो.

अशा 'इंट'मध्ये कमाल २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मावते. एका दिवसातील मायक्रोसेकंद काढण्यासाठी २४ × ६० × ६० × १००० × १००० असा गुणाकार लिहिला, तर उत्तर ८६,४०,००,००,००० यायला हवे. प्रत्यक्षात बहुधा ५०,०६,५४,०८० हाती लागते. आकडा धन, भरभक्कम आणि संशय येऊ नये असा! उत्तर 'लाँग लाँग' चलात साठवूनही उपयोग नाही, कारण गुणाकार आधीच 'इंट'मध्ये उरकलेला असतो. पहिल्याच संख्येला 'एलएल' प्रत्यय जोडला, की पुढचा सारा गुणाकार ६४ बिटांत होतो. इशारा जातो आणि चूकही. इशारेच बंद करून टाकणाऱ्यांची चूक मात्र जागच्या जागी राहते.

चलांच्या किमती कम्पायलरला सहसा आधी ठाऊक नसतात. तेथे इशाऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. 'अ + ब' हे 'अ'पेक्षा लहान आहे का, अशी तपासणी सर्रास लिहिली जाते. चिन्हांकित संख्यांसाठी ती फसवी आहे. मानकानुसार अशा ओसंडण्याचा परिणाम अनिर्धारित असल्याने, ते घडणारच नाही असे गृहीत धरून कम्पायलर ती तपासणीच गाळू शकतो. 'ब' धन असेल, तर 'अ' हा 'इंट_मॅक्स' वजा 'ब'पेक्षा मोठा आहे का, हे बेरजेआधी विचारावे. सी२३ मानकात यासाठी 'सीकेडी_अॅड' ही सोय आहे.

चिन्हरहित संख्या नियमानुसारच शून्याकडे वळतात. म्हणून स्मृती मागताना घटकांची संख्या आणि आकार यांचा गुणाकार ओसंडला, तर अगदी लहान तुकडा मिळतो आणि पुढील लेखन त्याबाहेर जाते. घुसखोरांना हीच फट हवी असते. 'मॅलॉक'ला तयार गुणाकार देण्याऐवजी 'कॅलॉक'ला दोन्ही संख्या वेगळ्या दिल्यास आधुनिक ग्रंथालये ही तपासणी स्वतः करतात.