विकासाच्या इतिहासाचे कागद वांद्रे पूर्वेला

आंतरराष्ट्रीय विकासाच्या इतिहासावर पीएचडी करायची तर वॉशिंग्टन गाठावे लागते, असे मानतात. त्यात तथ्यही आहे. जागतिक बँकेचे जुने दस्तऐवज तिथे आहेत, ते ठरावीक वर्षांनी खुले होतात, आणि परदेशी विद्यापीठांच्या अधिछात्रवृत्त्या त्या वाचनाचा खर्च उचलतात. पण बँकेने कर्ज दिले एवढ्यावर इतिहास संपत नाही. ते कोणाच्या दारात कोणत्या रूपाने पोचले, हे वांद्रे पूर्वेच्या कचेऱ्यांत ठरले. कलानगरच्या आसपास म्हाडाचे गृहनिर्माण भवन, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय आहे. पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए आणि नाबार्ड. १९८५ च्या बँक-पुरस्कृत नगरविकास प्रकल्पातून चारकोप-गोराईला अल्प उत्पन्न गटांसाठी भूखंड आखले गेले, ते म्हाडामार्फत. नाबार्ड १९८२ साली स्थापन झाली तेव्हा तिच्याकडे ज्या कृषी पुनर्वित्त व विकास महामंडळाचा कारभार आला, त्यानेही बँकेची कर्जे शेतापर्यंत पोचवली होती. या कचेऱ्यांच्या कागदांवर संशोधन व्हायचे, तर त्याचा खर्च महाराष्ट्राने उचलला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

२००२ साली मंजूर झालेला मुंबई नागरी परिवहन प्रकल्प पाहा. रेल्वेमार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ते यांसाठी लाखाच्या आसपास माणसे हलवायची होती. २००४ मध्ये रहिवासी आणि दुकानदारांनी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या. मोठ्या गाळ्याच्या बदल्यात २२५ चौरस फूट घ्या, हे कुर्ल्याच्या दुकानदारांना मान्य नव्हते. मंडळाचा अहवाल आल्यावर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने रोखले. अहवाल इंग्रजीत आहे, जगभर वाचला जातो. पण प्रकल्पग्रस्त कोण, पुरावा कोणता ग्राह्य, भाडेकरूचे काय, हे प्रश्न सर्वेक्षणांत, पात्रता याद्यांत, हरकतींच्या अर्जांत सुटले किंवा अडकले. ते वाचायला मराठी, आणि मराठीतही कचेरीची मराठी, येणारा माणूस लागतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या घेणाऱ्यांत तो सहज सापडेल.

सरकारी पैशावर सरकारचाच इतिहास लिहिला तर तो मिंधा होईल, हा आक्षेप हलका नाही. पण बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. बदल्यात बडोद्याची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला तो सयाजीरावांना अर्पण होऊन. विषय मात्र ब्रिटिश हिंदुस्थानातला प्रांतिक अर्थकारभार होता, आणि त्यात टीका होती ती साम्राज्याच्या तिजोरीवर. अर्थात सयाजीराव त्या प्रबंधाचा विषय नव्हते. इथे पुनर्वसन राबवणारी एमएमआरडीए असेल. म्हणून निवड आणि विषय विद्यापीठाने ठरवावेत, संबंधित खात्याने नव्हे. परदेशी पैसाही काही निर्लेप नसतो. त्याला जगभर लागू पडेल असे उत्तर हवे असते आणि कुर्ल्याचा दुकानदार त्यात उदाहरणापुरता उरतो.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत सारथीवर बोलताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल केला आणि त्यावरून गदारोळ झाला. सवाल उर्मट असला तरी उत्तर द्यावेच लागेल. आजही शहरात पुनर्वसनाच्या पात्रतेवरून भांडणे आहेत, आणि मागच्या खेपेला नियम कोणी, कशासाठी बदलले याचा सलग वृत्तान्त असता तर ती भांडणे निदान पुराव्यानिशी झाली असती. माहितीच्या अधिकारात कागद मिळतातच की, असे कोणी म्हणेल. मिळतात, पण अर्जात नेमकी कोणती माहिती हवी ते लिहावे लागते, आणि इतिहासकाराला तो कागद आहे हेच अजून ठाऊक नसते. त्याला आख्खी फाईल पानापानाने चाळावी लागते. त्यासाठी पाच वर्षांची अधिछात्रवृत्ती हवी, आणि त्या कचेऱ्यांनी निदान बसायला एक टेबल द्यायला हवे.