कॅटलनचा डाव आणि १९७६ चा वाद

२८ जुलै २०२५. जॉर्जियातलं बातुमी शहर. महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम फेरी आणि पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय. पांढरी मोहरी कोनेरू हंपीची, काळी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखची. आधीचे तिन्ही डाव बरोबरीत सुटलेले. हा चौथा, जलद प्रकारातला.

हंपीनं कॅटलन सुरुवात निवडली. यात वजिरापुढचं आणि शेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन-दोन घरं पुढं जातं. राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकतं आणि त्या रिकाम्या जागी उंट येऊन बसतो. तिथून त्याची तिरपी नजर थेट पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. धडाधड हल्ला नाही, सावकाश दाब. नावाची गोष्टही भारी आहे. १९२९ साली बार्सिलोनाच्या स्पर्धेत आयोजकांनी तार्ताकोव्हरला गळ घातली, की आमच्या कॅटलोनियाच्या नावानं एखादी सुरुवात खेळा. तेव्हापासून एका प्रांताचं नाव पटावर कायमचं कोरलं गेलं.

दिव्यानं तो दाब पचवला आणि डाव जिंकला. अडीच विरुद्ध दीड! वय १९. विश्वचषक तर मिळालाच, शिवाय ग्रँडमास्टर किताबही. भारताची ८८वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी.

पण या डावाची खरी सुरुवात बातुमीत झाली नाही, असं माझं मत आहे.

१९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. दोनच वर्षांनी त्यांची धाकटी बहीण रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय १३. लगेच हरकत! मुलगी पुरुषांत कशी खेळणार? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्पष्ट केलं, की महिलांना अशी बंदी घालता येणार नाही. पुढं १९८१ मध्ये हीच रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

आता आपल्या नगर जिल्ह्याचं बोलू. आपल्याच शार्दूल गागरेनं २०१६ मध्ये ग्रँडमास्टर होऊन दाखवलंय. मग जिल्ह्यातली मुलगी का नाही? गणेशोत्सवात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एकच विनंती. मुलींचं वेगळं बक्षीस जरूर ठेवा, पण त्यांना खुल्या गटातही बसवा. मुलग्यांशी खेळायचा हक्क त्यांना जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच मिळालाय. आपण फक्त खुर्ची द्यायची आहे.